हौशी रेडिओ सॉफ्टवेअरमधील सेटिंग्जचे जतन

हौशी रेडिओ सॉफ्टवेअरमधील सेटिंग्जचे जतन म्हणजे हौशी रेडिओचालक, अर्थात हॅम, आपल्या संगणकावरील आज्ञावलींत आणि रेडिओ संचात जी माहिती एकदा भरून ठेवतो, ती अनवधानाने नष्ट होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी होय. संकेतनाम (कॉल साईन), केंद्राचा ग्रिड-चौकोन, संच जोडलेल्या पोर्टचा क्रमांक, ध्वनीच्या पातळ्या, स्मृतीत साठवलेल्या वारंवारता, तयार संदेश आणि संपर्कांची नोंदवही ही सर्व माहिती यात येते. संच बिघडला तर दुरुस्त करता येतो किंवा नवा घेता येतो. अनेक महिन्यांच्या चाचपणीतून जुळवलेल्या सेटिंग्ज मात्र बाजारात मिळत नाहीत. म्हणून अनुभवी चालक त्यांना संचाइतकेच मोल देतात.

या लेखात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील परिस्थिती उदाहरणादाखल घेतली आहे. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण जिल्हा आहे. पश्चिमेला घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस आणि उर्वरित भागात पर्जन्यछायेतील कोरडे हवामान असे त्याचे दुहेरी रूप आहे. त्याचा थेट संबंध वीजपुरवठ्याशी येतो, आणि वीजपुरवठ्याचा संबंध सेटिंग्जच्या सुरक्षिततेशी येतो.

पार्श्वभूमी

भारतात हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. सामान्य श्रेणीच्या परवानाधारकास व्हीयू२ ने व मर्यादित श्रेणीच्या परवानाधारकास व्हीयू३ ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. संपर्कांची नोंदवही ठेवणे हा या छंदातील जुना शिरस्ता असून परवान्याच्या नियमांतही तो अंतर्भूत आहे. पूर्वी ही नोंदवही बांधीव कागदी वही असे आणि सेटिंग्ज म्हणजे संचाच्या दर्शनी भागावरील खटके व गोल बटणे असत. वीज गेली तरी खटका होता तिथेच राही. विस्मरणाचा प्रश्न यंत्राला नव्हता, फार तर चालकाला होता.

संगणक संचाला जोडला जाऊ लागला तसे हे चित्र पालटले. अमेरिकन खगोलभौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांना १९९३ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी २००१ मध्ये क्षीण संकेतांसाठी डब्ल्यूएसजेटी ही आज्ञावली तयार केली. तिच्या पुढील रूपात, म्हणजे डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये, स्टीव्ह फ्रँक यांच्या सहकार्याने २०१७ साली एफटी८ ही पद्धत आली आणि अल्पावधीत जगभर पसरली. या पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी संदेशांची देवाणघेवाण होते, ती संगणकच करतो. साहजिकच चालकाचे बरेचसे कसब आता सेटिंग्ज अचूक भरण्यात आले आहे.

सेटिंग्ज गमावल्याने काय होते

सर्वांत उघड परिणाम म्हणजे आज्ञावली सुरू होते, पण कोरी. संकेतनामाची चौकट रिकामी, संच 'कोणताही नाही', पोर्ट पहिले. हे निदान डोळ्यांना दिसते. अधिक त्रासदायक असतात ते अर्धवट बिघाड. ध्वनीचे उपकरण निवडलेले राहिले नाही, तर काही आज्ञावली संगणकाच्या नेहमीच्या ध्वनिमार्गाचा आधार घेतात. चालक आवाजाच्या आधारे प्रक्षेपण सुरू होण्याची सोय वापरत असेल, तर नव्या ईमेलची सूचना देणारा 'टिंग' असा आवाजही आकाशात प्रक्षेपित होऊ शकतो. ध्वनीची पातळी चुकली तर संकेत विकृत होऊन शेजारच्या वारंवारतांवर पसरतो आणि त्याचा ताप इतरांना होतो.

दोन मीटर पट्ट्यातील पुनःप्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, वापरणाऱ्याची अडचण वेगळी असते. बहुतेक ठिकाणी ग्रहण आणि प्रक्षेपण यांच्या वारंवारतांत ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवावे लागते, आणि अनेक रिपीटर ठरावीक मंद्र स्वर ऐकल्याखेरीज जागे होत नाहीत. हा स्वर संचाच्या स्मृतीतून पुसला गेला, तर चालकाला रिपीटर ऐकू येतो, पण रिपीटरला चालक ऐकू येत नाही. संच बिघडला असे समजून तो उघडण्याचा उद्योग अशा वेळी अनेकदा होतो.

हा विषय केवळ सोयीचा नाही. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपानंतर आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या रेडिओ मोहिमेसाठी अंदमानातच होत्या आणि त्यांच्या केंद्रावरून तेथील वार्ता मुख्य भूमीपर्यंत पोहोचत होती. अशा प्रसंगी संचाचा पोर्ट कोणता आणि गतिमान किती हे शोधत बसायला सवड नसते.

ग्रिड-चौकोनाचे उदाहरण

एफटी८ सारख्या पद्धतींत प्रत्येक केंद्र आपले स्थान मेडनहेड ग्रिड-चौकोनाच्या संकेताने कळवते. एक चौकोन रेखांशात २ अंश व अक्षांशात १ अंश रुंद असतो. अहिल्यानगरच्या अक्षांशावर त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २१० किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे ११० किलोमीटर भरते.

बहुतेकांची समजूत अशी असते की एका जिल्ह्याला एक चौकोन. अहिल्यानगरच्या बाबतीत ती चुकीची आहे. अहिल्यानगर शहर, शिर्डी, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, शेवगाव आणि पाथर्डी ही गावे एमके७९ या चौकोनात पडतात. श्रीगोंदा, कर्जत व जामखेड १९ अंश अक्षांशाच्या दक्षिणेस असल्यामुळे एमके७८ मध्ये जातात. पारनेर तालुक्यातून ही १९ अंशांची रेषाच जाते. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे भंडारदरा आणि राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) हा परिसर, ७४ अंश रेखांशाच्या पलीकडे असून एमके६९ मध्ये मोडतो. थोडक्यात, एकाच जिल्ह्यात तीन चौकोन आहेत.

त्यामुळे नगरहून संच घेऊन सुटीत भंडारदऱ्याला जाणाऱ्या चालकाला ग्रिडची नोंद बदलावी लागते, आणि परतल्यावर पूर्ववत करावी लागते. येथेच गल्लत होते. जुनी सेटिंग्ज फाइल न तपासता परत बसवली, तर आज्ञावली पुढचे कित्येक दिवस चुकीचे स्थान प्रक्षेपित करत राहते आणि जगभरच्या नोंदवह्यांत ती चूक उतरते. यावर डब्ल्यूएसजेटी-एक्समध्येच उपाय आहे. तिच्या 'कॉन्फिगरेशन्स' या यादीतून चालू मांडणीची हुबेहूब प्रत काढता येते, तिला नाव देता येते आणि गरजेनुसार एकीवरून दुसरीवर जाता येते. 'घर' आणि 'घाटमाथा' अशा दोन मांडण्या करून ठेवल्या की वारंवार खाडाखोड करावी लागत नाही. ही सोय बरेच जण वापरतच नाहीत.

सेटिंग्ज कोठे साठवल्या जातात

माहिती नष्ट होण्याची निम्मी कारणे या एका प्रश्नाच्या अज्ञानात आहेत. सामान्य वापरकर्त्याला वाटते की आपले सर्व काही 'डॉक्युमेंट्स' या फोल्डरमध्ये असते. संगणक दुरुस्तीच्या दुकानात विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी कारागीरही बहुधा 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' एवढ्यांचीच प्रत घेतो. डब्ल्यूएसजेटी-एक्सची माहिती मात्र विंडोजमध्ये 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरच्या पोटातील 'लोकल' या उपफोल्डरमध्ये, आज्ञावलीच्याच नावाच्या जागी असते. फोल्डर लपवलेला असल्याने तो दिसत नाही, दिसत नाही म्हणून उचलला जात नाही, आणि डिस्क पुसली की गेला तो गेलाच.

या फोल्डरमधील आयएनआय प्रकारच्या फाइलमध्ये सर्व सेटिंग्ज असतात. तिच्याच शेजारी एडीआय प्रत्यय असलेली संपर्कांची नोंद असते. ती नुसती आठवण म्हणून नसते. कोणत्या केंद्राशी पूर्वी संपर्क झाला आहे आणि कोणते नवे आहे, हे रंगांनी दाखवण्यासाठी आज्ञावली तीच फाइल वाचते. ती हरवली की जुने सोबतीही नवखे दिसू लागतात. एकाच संगणकावर दोन संचांसाठी ही आज्ञावली दोनदा चालवली असेल, तर प्रत्येक संचाच्या नावाचा फोल्डर स्वतंत्र असतो आणि प्रत घेताना दोन्ही उचलावे लागतात. लिनक्समध्ये सेटिंग्जची फाइल घर-फोल्डरातील 'कॉन्फिग' या टिंबाने सुरू होणाऱ्या, म्हणून अदृश्य, फोल्डरमध्ये असते. नोंदी मात्र 'लोकल' व 'शेअर' या वाटेने दुसरीकडे असतात. एकच फोल्डर उचलून समाधान मानणाऱ्यांची येथे फसगत होते.

डेव्ह फ्रीझ यांनी विकसित केलेली फ्लडिजी ही आज्ञावली अधिक सरळ आहे. विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये 'फ्लडिजी डॉट फाइल्स' आणि लिनक्समध्ये टिंबयुक्त 'फ्लडिजी' अशा एकाच ठिकाणी तिचा सारा संसार असतो. त्यात सेटिंग्ज, मॅक्रो म्हणजे तयार संदेश, आणि नोंदवही असे सर्व आले. स्पर्धांसाठी वापरली जाणारी एन१एमएम ही आज्ञावली आपल्या फाइल 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवते, त्यामुळे ती सुरक्षित वाटते. पण अलीकडे विंडोज हा फोल्डर परस्पर वनड्राइव्हच्या ताब्यात देते. नोंदींची डेटाबेस फाइल खुली असताना मेघ-संचय तिला हात घालतो आणि गोंधळ उडतो. ही आज्ञावली तयार करणाऱ्यांनीच आपल्या फाइल वनड्राइव्हबाहेर ठेवण्याचा सल्ला दिला आहे.

नष्ट होण्याची कारणे

बऱ्याच आज्ञावली सेटिंग्ज संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत बाळगतात आणि व्यवस्थित बंद करताना डिस्कवर लिहितात. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. वीज अचानक गेली तर त्या बैठकीत केलेले बदल लिहिले जात नाहीत. आणि नेमक्या लिहिण्याच्या क्षणी गेली तर फाइल अर्धवट किंवा रिकामीच राहू शकते.

नगर जिल्ह्यात वळवाचा पहिला पाऊस बहुधा दुपारनंतर वाऱ्यासकट येतो आणि तारांवर झाडाची फांदी पडून वीज जाते. ग्रामीण भागात शेतीपंपांच्या वाहिनीवरील पुरवठा पाळीपाळीने होतो, तेव्हा वस्तीवर राहणाऱ्या चालकाला भारनियमनाचे वेळापत्रक पाठ असते. वेळापत्रकाबाहेरच्या खंडाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी निकामी झालेली असली की तो टेबलावरच्या संगणकासारखाच क्षणात बंद पडतो. छोटा यूपीएस संचाला नाही जोडला तरी चालेल, संगणकाला जोडावा. आज्ञावली बंद करण्यापुरती दोन-चार मिनिटे मिळाली तरी काम भागते.

दुसरे कारण अधिक शांतपणे येते. रात्रभर ऐकत ठेवलेला संगणक विंडोजच्या अद्यतनानंतर आपोआप पुन्हा सुरू होतो आणि चालू आज्ञावली सक्तीने बंद केल्या जातात. त्याच अद्यतनात यूएसबी ध्वनिपत्राच्या नावापुढे एखादा आकडा लागतो, किंवा संचाची तार दुसऱ्या भोकात घातल्याने पोर्टचा क्रमांक बदलतो. येथे सेटिंग्ज नष्ट झालेल्या नसतात, ज्या नावाकडे त्या बोट दाखवतात ते नाव उरलेले नसते. हा भेद ओळखला नाही तर माणूस घाईने सर्व पुसून नव्याने बसतो आणि नसलेले नुकसान ओढवून घेतो.

तिसऱ्या प्रकारात स्मृतिपत्र, म्हणजे एसडी कार्ड, येते. रास्पबेरी पाय या लहान संगणकाची सर्व माहिती बहुधा अशा पत्रावर असते आणि वीज वारंवार गेल्यास ते खराब होते. डिजिटल हॉटस्पॉटसाठी वापरली जाणारी पाय-स्टार ही प्रणाली म्हणूनच आपली डिस्क एरवी केवळ वाचनासाठी खुली ठेवते आणि बदल करतानाच लेखनास परवानगी देते. शिवाय तिच्यात सर्व मांडणीची एक संकुचित फाइल उतरवून घेण्याची व परत चढवण्याची सोय आहे. ती फाइल त्याच पत्रावर ठेवण्यात अर्थ नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

रेडिओ संचाची स्वतःची स्मृती

संगणक नसतानाही सेटिंग्ज नष्ट होत होत्या, याचे उत्तम उदाहरण १९८० च्या दशकातील आयकॉम कंपनीचे काही संच आहेत. आयसी-७५१ हा संच आणि आयसी-आर७१ हा ग्राही यांत संच चालवण्यासाठी लागणारी मूळ माहितीच बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत ठेवलेली होती. त्या लहानशा लिथियम बॅटरीचे आयुष्य संपले की केवळ साठवलेल्या वारंवारता जात नसत, संपूर्ण संचच मुका होई. जुने संच बाळगणाऱ्यांनी त्यातील बॅटरी केव्हा बदलली आहे याची चिठ्ठी संचालाच चिकटवून ठेवण्याची पद्धत म्हणूनच पडली, आणि ती आजही अनुकरणीय आहे. बॅटरी बदलताना स्मृतीचा पुरवठा क्षणभरही खंडित होऊ नये म्हणून बाहेरून तात्पुरता पुरवठा जोडावा लागतो. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

आधुनिक संचांत माहिती विजेविना टिकणाऱ्या स्मृतीत असते. आयसी-७३०० सारख्या संचात सर्व सेटिंग्ज स्मृतिपत्रावर एका फाइलच्या रूपाने काढून ठेवता येतात.  संचातील मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, अद्ययावत करण्यापूर्वी ही प्रत घेणे अत्यावश्यक आहे, कारण अशा अद्यतनानंतर संच अनेकदा कारखान्यातील मूळ स्थितीला जातो.

हातातल्या लहान संचांसाठी चर्प ही मुक्त आज्ञावली लोकप्रिय आहे. तिच्याबाबत एक क्रम कसोशीने पाळावा. नवा संच हाती आला की प्रथम त्यातील माहिती संगणकावर उतरवून घ्यावी, ती प्रतिमा-फाइल 'मूळ' या नावाने वेगळी जतन करावी, आणि त्यानंतरच तिच्या दुसऱ्या प्रतीत बदल करून संचात भरावे. बाओफेंग यूव्ही-५आर मध्ये १२८ वाहिन्या असतात, त्या हाताने पुन्हा भरण्यात एक सुटीचा दिवस जातो. येथे आणखी एक बारकावा आहे. सीएसव्ही प्रकारच्या तक्त्यात फक्त वाहिन्या उतरतात. बटणांची कामे, पडद्याची रचना, शांतता-पातळी अशा इतर सेटिंग्ज त्यात नसतात, त्या केवळ प्रतिमा-फाइलमध्येच असतात. तक्ता जपला आणि प्रतिमा टाकून दिली, तर अर्धाच संच वाचला म्हणायचा. तसेच एका संचाची प्रतिमा दुसऱ्या बनावटीच्या संचात भरू नये.

प्रत घेण्याची पद्धत

प्रत घेताना आज्ञावली बंद असावी. ती चालू असताना आयएनआय फाइलमध्ये हाताने केलेला बदल निष्फळ ठरतो, कारण बंद होताना आज्ञावली आपल्या मनातील जुनी मांडणी पुन्हा त्यावर लिहिते. फ्लडिजीमध्ये मात्र आज्ञावली चालू असतानाच सेटिंग्ज जतन करण्याचा स्वतंत्र आदेश आहे. मोठा बदल केल्यावर तो लगेच वापरावा.

फोल्डरच्या प्रतीला नुसते 'बॅकअप' असे नाव देऊ नये. 'बॅकअप', 'बॅकअप नवा' आणि 'बॅकअप खरा' अशी भावंडे जमली की त्यातले कोणते ग्राह्य हे घरधन्यालाही सांगता येत नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहावी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा आहे की तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यातील एक घराबाहेर असावी. नगरच्या चालकाने पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे एक पेनड्राइव्ह ठेवला तरी तिसरी अट पूर्ण होते. आपोआप एकरूप होणारा मेघ-फोल्डर ही मात्र प्रत नव्हे. घरच्या संगणकावर फाइल रिकामी झाली की काही क्षणांत तिचे रिकामेपणही मेघात पोहोचते.

कागदाला अद्याप पर्याय नाही. पोर्ट, गतिमान, संचाचा पत्ता (आयसी-७३०० साठी तो मुळात ९४ हा षोडशमान आकडा असतो), ध्वनीच्या पातळ्या आणि ग्रिड एवढे एका पानावर लिहून नोंदवहीच्या आतल्या बाजूस चिकटवले, तर फाइल असो वा नसो, केंद्र पंधरा मिनिटांत उभे राहते. घरातल्या दुसऱ्या कोणाला किंवा आपत्तीच्या वेळी मदतीला आलेल्या परवानाधारकालाही ते पान वाचता येते.

गुप्त किल्ली आणि प्रमाणपत्र

अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' या सेवेत संपर्कांची परस्पर खातरजमा होते. त्यासाठी टीक्यूएसएल ही आज्ञावली वापरतात. तिने प्रमाणपत्राची मागणी करताना चालकाच्याच संगणकावर एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती तिथेच राहते. लीगकडून उत्तरादाखल आलेली फाइल त्या किल्लीविना निरुपयोगी असते. मागणी पाठवल्यावर आणि उत्तर येण्यापूर्वी संगणक पुसला गेला, तर सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. टीक्यूएसएलच्या यादीतच प्रमाणपत्रे, केंद्रांची स्थाने व आवडीनिवडी यांची एकत्र प्रत काढण्याचा आदेश आहे, आणि त्यातून टीबीके प्रत्ययाची एकच फाइल मिळते. त्याशिवाय प्रमाणपत्र पी१२ प्रकारच्या फाइलमध्ये परवलीच्या शब्दासह काढता येते. ही फाइल म्हणजे चालकाची स्वाक्षरी असल्याने ती कोणाला ईमेलने पाठवू नये.

या सेवेवर चढवलेल्या नोंदी तिच्या संगणकांवर राहतात, त्यामुळे घरची प्रत अनावश्यक आहे असा एक समज आहे. मे २०२४ मध्ये लीगच्या संगणकजालावर सायबर हल्ला झाला आणि ही सेवा १ जुलैपर्यंत बंद राहिली. नोंदी सुरक्षित राहिल्या, पण त्या काळात त्या पाहता येत नव्हत्या. ज्यांच्याकडे आपली एडीआय फाइल होती त्यांचे काम अडले नाही.

हरवल्यानंतर

आज्ञावली कोरी उघडली तर पहिली गोष्ट म्हणजे तिच्यात काही भरू नये. सेटिंग्जची फाइल न सापडल्यास आज्ञावली निमूटपणे नवी तयार करते आणि पुढच्या वेळी बंद होताना तिच्यात लिहिते. आज्ञावली बंद करून संपूर्ण फोल्डर आहे त्या स्थितीत दुसरीकडे उतरवून घ्यावा. मग त्यातील आयएनआय फाइलचा आकार पाहावा. तो शून्य असेल तर आतली माहिती गेली आहे आणि जुनी प्रत बसवावी लागेल. आकार नेहमीसारखा असेल, तर दोष बहुधा पोर्टच्या किंवा ध्वनिपत्राच्या बदललेल्या नावात आहे आणि दोन ओळी सुधारून काम भागते. नोंदीची एडीआय फाइल साधी मजकूर-फाइल असते. ती मध्येच तुटली असली तरी तुटलेल्या जागेपर्यंतचे संपर्क कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचवता येतात.

प्रत परत बसवल्यावर प्रक्षेपणापूर्वी संकेतनाम, ग्रिड आणि संगणकाचे घड्याळ ही तीन तपासावीत. एफटी८ मध्ये घड्याळ काही सेकंदांनी जरी चुकले तरी संकेत उलगडत नाहीत. संगणकाच्या आतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल, तर वीज गेल्यावर घड्याळच जुन्या तारखेला जाते, आणि सेटिंग्ज शाबूत असूनही केंद्र बहिरे झाल्यासारखे वाटते. नोंदी जागतिक प्रमाणवेळेत होत असल्याने भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा झाले आहेत ना, हेही त्याच वेळी पाहावे. पहिला संपर्क कमी शक्तीवर, ओळखीच्या केंद्राशी करून ध्वनीच्या शुद्धतेची खात्री करून घेतात.